एका टँकरचं सरबत

शीळफाट्यावर उभं राहून ट्रक मोजायला सांगितले तर दहा मिनिटांत माणूस हात टेकेल. मुंब्र्याकडून पनवेलला जाणारा जुना मुंबई-पुणे रस्ता, कल्याण-डोंबिवलीचा रस्ता आणि महापेकडून येणारा रस्ता इथे एकमेकांच्या अंगावर येतात. भिवंडीची गोदामं, तळोज्याचे कारखाने, न्हावाशेव्याचं बंदर, सगळ्यांची ये-जा याच फाट्यावरून. या गर्दीत एक दहा टनी ट्रक असा समजा, ज्यात संत्र्याच्या सरबताची बिनसाखरेची पावडर भरली आहे. साखर आणि पाणी आपण घरचं घालायचं, तसली. ग्लासामागे एक ग्रॅम पावडर धरू. हे सढळ हाताचं माप झालं, कमीतही भागतं. तरी त्या एका ट्रकात एक कोटी ग्लास बसलेले असतात.

हेच सरबत तयार करून पाठवायचं म्हटलं, तर दोनशे मिलिलिटरच्या ग्लासाने वीस लाख लिटर होतं. वजन दोन हजार टन. म्हणजे तसलेच दोनशे ट्रक, आणि त्यात बाटल्यांचं वजन धरलेलंच नाही. एकामागे एक लावले तर रांग दोन-अडीच किलोमीटरची. शीळफाट्याच्या रोजच्या कोंडीत ती कुणाच्या लक्षातही येणार नाही म्हणा, पण डिझेल कुणाला तरी भरावं लागेलच.

तेव्हा पावडरीचा धंदा हा मुळात पाणी न वाहण्याचा धंदा. हे सुचलं तेही फुटलेल्या बाटल्यांमुळे. अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या हेस्टिंग्ज गावचा एडविन पर्किन्स 'फ्रूट स्मॅक' नावाचा फळांच्या चवीचा अर्क बाटल्यांतून टपालाने विकायचा. बाटल्या जड, आणि पोचेपर्यंत त्यातल्या काही फुटलेल्या. १९२७ मध्ये त्याने त्यातलं पाणीच काढून टाकलं आणि कोरडी पूड पाकिटात भरली. तीच कूल-एड. आजही तिची बिनसाखरेची पुडी चार ते सहा ग्रॅमची असते आणि तिच्यात जवळजवळ दोन लिटर पेय होतं. ग्लासाला अर्धा ग्रॅम.

आपल्याकडे हे गणित घरोघरी पोचवलं अहमदाबादच्या अरीज पिरोजशा खंबाटा यांनी. १९७७ मध्ये कोका-कोलाने भारतातून गाशा गुंडाळला, बाटलीबंद पेयांच्या बाजारात फट पडली, आणि पुढच्या काही वर्षांत त्यांचं रसना स्वयंपाकघरांत शिरलं. तेव्हा पाच रुपयांच्या पाकिटात बत्तीस ग्लास व्हायचे. भागाकार करून पाहा, ग्लासाला साडेपंधरा पैशांच्या आसपास येतात. साखर आईची, पाणी नळाचं, बर्फ शेजाऱ्यांच्या फ्रिजमधला. कंपनीने द्यायची ती फक्त चव आणि रंग. आणि बत्तीसचे चाळीस करणाऱ्या गृहिणीही होत्याच. खंबाटा नोव्हेंबर २०२२ मध्ये वयाच्या ८५ व्या वर्षी गेले, तेव्हा बातम्यांमध्ये त्यांच्या उलाढालीच्या बरोबरीने त्या बत्तीस ग्लासांचा उल्लेख होता.

आता सरबतात नेमकं काय आणि किती असतं ते बघायचं, तर ग्लास फार लहान पडतो. त्यातले आकडे हाताला लागत नाहीत. त्यापेक्षा दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर घेऊ. दिवा, मुंब्रा आणि कल्याण-शीळ रस्त्याकडेच्या गावांत हे माप कुणाला समजावून सांगावं लागत नाही. एमआयडीसीच्या जलवाहिन्या दाराशेजारून जातात आणि एप्रिल-मेमध्ये इमारतीखाली टँकर उभा असतो. पाकिटावर 'थंड पाणी घाला' असं छापणाऱ्याने ते कुठून आणायचं हे छापलेलं नसतं. असो. टँकर आला आहे असं समजू, आणि त्याचं सरबत करू.

पहिली साखर. दहा टक्के गोडी धरली तर टँकरला एक टन लागते, पन्नास किलोची वीस पोती. ग्लासाच्या वाट्याला वीस ग्रॅम येते. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. म्हणजे एका ग्लासात दिवसाचा बहुतेक कोटा संपला. दुसरा ग्लास मागणाऱ्या पोराला हे सांगून उपयोग नसतो, तो भाग वेगळा.

हा टनाचा बोजा उतरवायला रसायनशास्त्र धावून आलं, आणि दर वेळी जवळजवळ अपघातानेच. सॅकरिन, सायक्लामेट, अॅस्पार्टेम, एसेसल्फेम: या सगळ्यांच्या जन्मकथेत कुणाच्या तरी हाताला काहीतरी लागलेलं असतं आणि तो हात तोंडाकडे जातो. अॅस्पार्टेम १९६५ मध्ये जेम्स श्लॅटरने कागद उचलण्यासाठी बोट चाटल्यामुळे सापडलं. पण आपल्या जवळची गोष्ट सुक्रालोजची. १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात शशिकांत फडणीस हे संशोधक साखरेच्या रेणूला क्लोरिन जोडून काय होतं ते पाहत होते. प्राध्यापक लेस्ली हाऊ यांनी एक पदार्थ 'टेस्ट' करायला सांगितला, फडणिसांनी ते 'तपासून बघ' असं नव्हे तर 'चाखून बघ' असं ऐकलं, आणि चाखलंही. साखरेच्या सहाशे पट गोड. ज्या प्रयोगशाळेत काहीही तोंडात घालायचं नाही असा दंडक, तिथे एका फडणिसांनी ते घातलं म्हणून आज जगभरच्या 'शुगर फ्री' पुड्या आहेत. सुक्रालोज वापरलं तर आपल्या टँकरला एक टनाऐवजी पावणेदोन किलोंच्या आत भागतं. त्याहून नवं अॅडव्हान्टेम साखरेच्या वीस हजार पट गोड आहे. त्याचे पन्नास ग्रॅम पुरतात. वीस पोत्यांचं काम मूठभर पुडीत.

आंबटपणाला टँकरमागे साधारण तीस किलो सायट्रिक आम्ल लागतं. ग्लासाला सहा दशांश ग्रॅम, म्हणजे अर्ध्या लिंबाच्या रसात असतं तितकं. पण ते लिंबातून येत नाही. कांद्याच्या सालीखाली काळी पूड दिसते ना, हाताला लागते आणि आपण नळाखाली धुऊन टाकतो? ती अॅस्परजिलस नायजर ही बुरशी. १९१७ मध्ये जेम्स करी यांनी दाखवलं की या बुरशीला साखरेच्या द्रावणात नीट वाढवलं तर ती भरभरून सायट्रिक आम्ल तयार करते. १९१९ मध्ये फायझर कंपनीने त्यावर उत्पादन सुरू केलं. तोवर हे आम्ल मुख्यतः इटलीच्या लिंबांतून यायचं, तो बाजार पुढे बसला तो बसलाच. आज जगात वर्षाला वीस लाख टनांहून जास्त सायट्रिक आम्ल बनतं, जवळजवळ सगळं या बुरशीच्या कृपेने. सगळंच सरबतात घातलं तर पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाला वर्षाला चारशे ग्लास मिळतील. लिंबाच्या चित्राची पुडी आणि आत कांद्यावरची बुरशी. यात फसवणूक नाही, रेणू तोच आहे. पण चित्रकाराला बुरशी काढायला कुणी सांगत नाही एवढंच.

रंगाचं काम एका किलोत होतं. कृत्रिम खाद्यरंगांना कायद्याने जी मर्यादा आहे, दहा लाख भागांत शंभर भाग, ती दहा हजार लिटरला बरोबर एक किलो येते. तीही कमाल. संत्र्याच्या पेयात बहुधा सनसेट येलो आणि टार्ट्राझिन. किलोभर रंगाने टँकर काय रंगणार, अशी शंका डोंबिवलीकर घेणार नाहीत. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथल्या एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झालेला त्यांनी पाहिला आहे.

इथपर्यंत टन, किलो, ग्रॅम अशी पायरी-पायरीने उतरण आहे. वासापाशी आलो की पायऱ्या संपतात आणि सरळ कडाच लागतो.

एक करून बघण्यासारखं आहे. संत्र्याच्या चवीचं सरबत करा, नाक घट्ट धरा आणि घोट घ्या. गोड आणि आंबट, बस. लिंबू की संत्रं की अननस, सांगता येत नाही. घोट तोंडात असताना नाक सोडा. घशामागून वास वर चढतो आणि संत्रं एकदम हजर. जिभेला मोजून पाच चवी कळतात. नाकात गंध ओळखणाऱ्या ग्राहकांचे सुमारे चारशे प्रकार आहेत. त्यांच्या जनुकांचा शोध लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांनी १९९१ मध्ये लावला, त्यावर २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आपण ज्याला फळाची चव म्हणतो ती बहुतेक या चारशेंची करामत.

संत्र्याच्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनिन असतं, पण नुसतं लिमोनिन हुंगलं तर संत्र्यापेक्षा साफसफाईचा द्रव आठवतो. रसाळपणा आणतात ते बाकीचे चिमूटभर रेणू. त्यांतला एक इथिल ब्युटिरेट. पाण्यात तो अब्जात एक भाग असला तरी नाकाला कळतो. आपल्या टँकरला दहा मिलिग्रॅम झाले. एका ग्रॅममध्ये शंभर टँकर. अर्थात हा केवळ कळण्याचा उंबरठा आहे. सरबत फक्कड व्हायचं तर त्याच्या कितीतरी पट घालतात. तरी प्रमाण लक्षात यावं.

आणि मग ग्रेपफ्रूट. पपनस आणि गोड संत्रं यांच्या संकरातून झालेलं हे फळ आपल्याकडे फारसं खाल्लं जात नाही, पण त्याचा वास हा गंधशास्त्रातला चमत्कार आहे. जिनेव्हाच्या फर्मेनिश कंपनीतल्या रसायनज्ञांनी १९८२ मध्ये तो कशाने येतो हे शोधलं: गंधकाचा एक अणू बाळगणारा एक थायॉल. तो कळायला एका लिटरमागे एका ग्रॅमचा दहा अब्जावा भाग पुरतो. टँकरला एक मायक्रोग्रॅम. एका ग्रॅमला दहा लाख टँकर लागतील. ते कुठून आणणार, म्हणून सरळ धरणच घेऊ. उंची वाढवल्यानंतर बदलापूरजवळच्या बारवी धरणात सुमारे ३४ कोटी घनमीटर पाणी मावतं. ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबईच्या कित्येक नळांना आणि कारखान्यांना पाणी देणारं हे धरण काठोकाठ भरलेलं असताना त्याला ग्रेपफ्रूटचा पुसट वास आणायला चौतीस ग्रॅम लागतील. चौतीस किलो नव्हे.

उलट बाजूनेही बघायला हवं, नाहीतर 'जवळजवळ काहीच नाही' असं वाटायचं. त्या उंबरठ्यावरच्या सरबताच्या एका ग्लासात या थायॉलचे रेणू सुमारे सात हजार कोटी असतात. जगातल्या प्रत्येक माणसाला आठ-आठ वाटता येतील इतके. मात्र त्याच ग्लासात साखरेचे रेणू इतके, की वासाच्या एका रेणूमागे साखरेचे पन्नास हजार कोटी. त्या गर्दीतून नाक तो एक बरोबर हुडकून काढतं. शीळफाट्याच्या गर्दीत हरवलेला माणूस शोधणं हे त्यापुढे काहीच नाही.

शीळफाट्याला आता आणखी एक मोठं माप आलं आहे. वांद्रे-कुर्ला संकुलातून निघणारा बुलेट ट्रेनचा एकवीस किलोमीटरचा बोगदा, ठाण्याच्या खाडीखालचे सात किलोमीटर पार करून, इथेच बाहेर पडतो. सरासरी बारा मीटर व्यासाची नळी धरली आणि दोन्ही तोंडं बुजवून सरबताने भरली तर जवळजवळ बाराशे कोटी ग्लास. जगाला एकेक देऊन साडेतीनशे कोटींच्यावर उरतील. साखर लागेल दोन लाख चाळीस हजार टन, साधारण तीन दिवसांत आपला देश खातो तेवढी. ग्रेपफ्रूटच्या वासाला? पाव ग्रॅम.

हे सगळं ऐकून कुणालाही वाटेल, मग या पुडीत खरं फळ का घालत नाहीत? कंजूषपणा हे अर्धंच उत्तर आहे. खरी अडचण अशी, की फळाला पूड व्हायचं नसतं. रस झटपट वाळवला की त्यातल्या साखरांचे स्फटिक होत नाहीत, त्यांची काच होते. प्रत्येक साखरेची काच एका ठरावीक तापमानाला मऊ पडते: ऊस-साखरेची ६२ अंशांना, ग्लुकोजची ३१ ला आणि फळांत भरपूर असणाऱ्या फ्रुक्टोजची अवघ्या पाच अंशांना. म्हणजे डोंबिवलीच्या मे महिन्यात निव्वळ फळाच्या रसाची पूड ही पूड राहतच नाही, तिचा चिकट गोळा होतो. तिला उभं करायला स्टार्चपासून केलेलं माल्टोडेक्स्ट्रिन मिसळावं लागतं. त्याची काच शंभर अंशांच्याही वर टिकते. फळ वाढवलं की टेकूही वाढवायचा, आणि टेकू वाढला की चव पिठूळ.

म्हणून मग फळाऐवजी फळाचा वास पकडतात, आणि ते पकडणं पाहण्यासारखं असतं. सुवासिक तेल डिंकाच्या किंवा माल्टोडेक्स्ट्रिनच्या पाण्यात घुसळायचं आणि उंच टाकीत वरून फवारायचं. थेंब मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढे धरले तर एका लिटरचे एकशे नव्वद कोटी थेंब होतात. त्यांचा एकूण पृष्ठभाग साठ चौरस मीटर, म्हणजे साडेसहाशे चौरस फुटांच्या जवळ. कल्याण-शीळ रस्त्यावरच्या पलावा वसाहतीत एवढ्या कार्पेट एरियाच्या फ्लॅटसाठी माणूस वीस वर्षांचं कर्ज काढतो. एवढ्या पसाऱ्यावर दीडशे-दोनशे अंशांची हवा सुटते आणि पाणी काही सेकंदांत उडून जातं. मग वास का उडत नाही? कारण थेंबावर आधी सुकून एक कातडं धरतं. पाण्याचा रेणू वजनाने अठरा, तो त्यातून निसटतो. इथिल ब्युटिरेट एकशे सोळा, तो आत अडकतो. आणि बाहेरची हवा कितीही तापलेली असली तरी पाणी उडत असेतो थेंब स्वतः थंडच राहतो. पुडी ग्लासात पडली, डिंक विरघळला, की अडकलेले सुटतात; चमचा फिरवतानाच वास येतो तो याचमुळे. माझ्या मते या सगळ्या व्यवहारात कौतुक करावं ते या फवाऱ्याचं, रसनाच्या जाहिरातीतल्या पोरीचं नव्हे.

एका फळापुढे मात्र या कारागिरीला अजून माघार घ्यावी लागते. आंब्याच्या निरनिराळ्या जातींत मिळून पावणेतीनशेच्या आसपास गंधरेणू नोंदले गेले आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हापूसच्या वासावर बारकाईने काम झालं. कच्च्यापासून पिकेपर्यंत कोणता रेणू कधी वाढतो, त्यामागे कोणती जनुकं आहेत, इथवर. हापूसमध्ये ऑसिमिनसारखे टर्पिन भरपूर असतात, पण पिकताना लॅक्टोन आणि फ्युरॅनोन चढू लागतात तेव्हा तो हापूस होतो. नेमकं हे चढत जाणं पुडीत बसत नाही. पुडीतला आंबा पहिल्या घोटापासून शेवटच्या घोटापर्यंत एकच वाक्य बोलत राहतो. मला तो कधीच आवडला नाही. संत्रं पुडीतून निभावतं, लिंबू तर उत्तमच. आंब्याचं पन्हं कैरी उकडूनच करावं.

राहता राहिला पावसाळा. जुलैत कोकणपट्टीत हवेतली आर्द्रता सरासरी ऐंशी टक्क्यांवर असते. सायट्रिक आम्ल एकटं असेल तर पंचाहत्तर टक्क्यांच्या सुमारास हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं, साखर चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीला. दोघं शेजारी-शेजारी आली की त्याहूनही खालच्या आर्द्रतेत पाझरतात. एकटी-एकटी बरी, एकत्र आली की घात. डबा उघडा राहिला तर संध्याकाळपर्यंत पुडीची ढेप झालेली असते. कल्याण-शीळ रस्त्याकडेच्या दुकानांत दोरीला टांगलेल्या पुड्यांच्या माळा पावसाळाभर तशाच कोरड्या राहतात त्या पुडीच्या आतल्या चकाकीमुळे. अनेक पुड्यांत ती अॅल्युमिनियमची पत्रीसुद्धा नसते, प्लॅस्टिकवर निर्वात पोकळीत बसवलेली धातूची वाफ असते. जाडी चाळीस नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे एकावर एक सुमारे एकशे चाळीस अणू. माणसाच्या केसाच्या जाडीत असे दीड हजारांवर थर मावतील. तळहाताएवढ्या पुडीच्या दोन्ही बाजूंचं अॅल्युमिनियम वजनाने दोन मिलिग्रॅमही भरत नाही. पाकीट पुन:पुन्हा दुमडलं की घडीवर त्या थराला तडे जातात आणि तिथून दमट हवा आत शिरते. दुकानदार पुडी देण्याआधी बोटांनी चाचपतो ते एवढ्यासाठीच. आत खडा लागला तर ती बाजूला ठेवतो आणि माळेतली पुढची तोडून देतो.